प्रति: गोव्यात खोटे व्हिडिओ चालणार नाहीत?
वर म्हटलंय की गोव्यात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे एआयचे खोटे व्हिडिओ इथं चालणार नाहीत. ओळखतात हे खरं, पण मला वाटतं मतदारसंघ लहान असल्यामुळेच धोका जास्त. 2022 च्या विधानसभेला सांत आंद्रेची जागा 76 मतांनी लागली, साखळीत खुद्द मुख्यमंत्री 666 मतांनी निवडून आले, पणजीत फरक 716 चा, म्हणजे दोन-चार वाड्यांवरचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फिरले तरी निकाल फिरू शकतो.

आणि व्हिडिओच कशाला हवा, नुसता आवाज पुरे. 2023 मध्ये स्लोवाकियात मतदानाच्या दोन दिवस आधी एका पक्षाध्यक्षाच्या आवाजातली बनावट ऑडिओ क्लिप पसरली, नेमकी प्रचारबंदीच्या काळात, त्यामुळे खुलासा करणंही अवघड झालं. आपल्याकडेही शेवटचे 48 तास प्रचार बंदच असतो ना! आमच्या गावात बरीच वयस्कर माणसं भाच्या-पुतण्याने पाठवलेला व्हॉइस मेसेज ऐकतात आणि आवाज ओळखीचा म्हणून तो खरा धरतात, म्हणजे ती ओळखच इथं घात करते. 2024 ला निवडणूक आयोगाने पक्षांना असला मजकूर लक्षात आल्यावर 3 तासांत काढायला सांगितलं, ते बरंच केलं, पण घरच्या ग्रुपवर पोचलेली क्लिप त्यात येतच नाही.