मार्टिनचा कायदा: दोनशे माणसांच्या सभागृहावर ही जबाबदारी टाकणं योग्य आहे का?

लेस्टरकर

आमच्या मंडळाच्या समितीत यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतोय.

२२ मे २०१७ ला ब्रिटनमधल्या मँचेस्टर अरीनातली मैफल संपून लोक बाहेर पडत असताना बॉम्बस्फोट झाला आणि २२ जण गेले. त्यातला एक मार्टिन हेट. त्याची आई फिगन मरे यांनी हा विषय कित्येक वर्षं लावून धरला. अखेर ३ एप्रिल २०२५ ला दहशतवादापासून सार्वजनिक जागांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, तोच हा मार्टिनचा कायदा. तयारीला किमान दोन वर्षं दिली आहेत, म्हणजे २०२७ च्या एप्रिलआधी अंमलबजावणी नाही.

एका वेळी २०० ते ७९९ माणसं जमू शकतील अशा जागा खालच्या गटात, ८०० च्या पुढच्या वरच्या गटात. कार्यकर्ते आणि कर्मचारीही या आकड्यात धरायचे. प्रार्थनास्थळं आणि शाळा कितीही मोठ्या असल्या तरी खालच्याच गटात. खालच्या गटाला दोनच कामं आहेत. सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीकडे, म्हणजे खासगी सुरक्षारक्षकांना परवाने देणाऱ्या एसआयएकडे, जागेची नोंद करायची आणि चार गोष्टींची पद्धत ठरवून ठेवायची: लोकांना बाहेर कसं काढायचं, बाहेरच्यांना आत कसं घ्यायचं, दारं बंद करून आत कसं थांबायचं आणि हे सगळ्यांना कसं कळवायचं. कॅमेरे, गाड्या अडवणारे खांब, झडतीची यंत्रं यातलं काहीही विकत घ्यायची सक्ती नाही.

आमची स्वतःची वास्तू आहे, गणपतीत साडेतीनशे माणसं येतात. माझं स्पष्ट मत आहे की हे आपण कायद्याविनाही करायला हवं होतं.

माजी खजिनदार

मी ठाम विरोधात आहे. माझ्यासाठी हे कागदावरचं प्रकरण नाही, मंडळाचे हिशेब मी सांभाळलेत.

मँचेस्टर अरीना ही हजारो माणसांची व्यावसायिक जागा होती. पगारी सुरक्षारक्षक होते, कॅमेरे होते, पोलिसांची नेमणूक होती. त्या हल्ल्याच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष सर जॉन सॉन्डर्स यांनी अहवालाच्या तिसऱ्या खंडात नोंदवलंय की एमआय५ या गुप्तचर संस्थेने कारवाईची महत्त्वाची संधी गमावली. म्हणजे चुकले कोण? मोठे. आणि नोंदी ठेवायच्या कोणी? दिवसभर नोकरी करून संध्याकाळी खुर्च्या मांडणाऱ्यांनी.

हे मी एकटाच म्हणत नाही. जुलै २०२३ मध्ये संसदेच्या गृह समितीनेही मसुदा तपासताना लहान जागांबद्दल हीच शंका घेतली होती. तेव्हा मर्यादा १०० ची होती, ओरड झाल्यावर २०० झाली. दंड मात्र खालच्या गटालाही १०,००० पौंडांपर्यंत आहे, शिवाय रोजचा वेगळा. विश्वस्त व्हायला आधीच कोणी तयार होत नाही. आता तर नाव सुचवलं तरी लोक हात जोडतील.

रात्रपाळी

माझ्याकडे एसआयएचा परवाना आहे, दारावर उभं राहायचं काम करतो. खजिनदारसाहेब, पहिला खंड नीट वाचा ही विनंती. त्यातलं अपयश फक्त मोठ्यांचं नाही.

हल्लेखोर पाठीवर मोठी सॅक घेऊन अरीनाबाहेरच्या सिटी रूम नावाच्या दालनात आला आणि वरच्या मजल्यावर, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी बसून राहिला. मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाला तो खटकला. त्याने थेट जाऊन त्याला हटकलं आणि मग रक्षकाला सांगितलं. स्फोट झाला १० वाजून ३१ मिनिटांनी. त्याआधी हाताशी वेळ होता, पण निरोप नियंत्रण कक्षापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या एका तरुण रक्षकालाही संशय आला होता. आपल्याला वंशद्वेषी म्हणतील या भीतीने तो मागे सरला.

यात कुठल्या यंत्राची कमतरता होती? एका माणसाने पाहिलं, सांगितलं, आणि पुढे कोणाला कळवायचं, निर्णय कोण घेणार, याचा पत्ता नाही. तुमच्या साडेतीनशे माणसांच्या सभागृहात हे कोणाला माहीत आहे? मी अनेक लहान कार्यक्रमांना उभा राहिलोय. आयोजकाला विचारावं तर उत्तर मिळतं, "बघू, तसं काही झालं तर."

नीरजा

रात्रपाळी, तुम्ही लिहिलेलं पटलं, पण त्या रक्षकाची भीती एवढ्यात मागे टाकून पुढे जाऊ नका. मला ती दुसऱ्या बाजूने दिसते.

माझा मुलगा सावळा आहे, दाढी राखतो, पाठीवर सॅक असते. "खटकणारा माणूस कळवा" असं दोन तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांना सांगितलं की पहिल्यांदा कोण खटकणार? आपल्याच कार्यक्रमात आपल्या मुलांना कोणी अडवणार नाही, पण गावातल्या सगळ्या वाचनालयांत, पबमध्ये, नाट्यगृहांत हेच प्रशिक्षण जाणार आहे. संशय दिसण्यावरून नाही तर वागण्यावरून घ्यायचा, हे शिकवणं सगळ्यांत अवघड आहे आणि कायद्याच्या त्या चार पद्धतींत ते बसतच नाही.

रात्रपाळी

नीरजाताई, मान्य आहे. चांगलं प्रशिक्षण असतं तिथे हेच घोकून घेतात: तो काय करतोय ते सांगा, कसा दिसतो ते नंतर. वारंवार येऊन दारांचे फोटो घेतोय का, गर्दी बाहेर पडायच्या वेळी उलटा आत शिरतोय का. आणि पहिलं पाऊल म्हणजे जवळ जाऊन "काही मदत हवी का?" एवढंच विचारणं. पण वाईट प्रशिक्षण जास्त आहे, हेही खरं.

लेस्टरकर

खजिनदारकाका, लहान जागेत पद्धत ठरवायला काय लागतं, ते सांगतो. माझा सगळ्यांत मोठा मुद्दा आगीच्या कवायतीचा आहे. आपल्याला एकच सवय आहे: घंटा वाजली की सगळे बाहेर, गाड्यांच्या तळावर जमायचं. हल्लेखोर बाहेरच असेल तर हीच सवय माणसांना त्याच्यासमोर नेऊन उभी करते.

१३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसच्या स्टाद द फ्रान्स या फुटबॉल मैदानाबाहेर स्फोट झाले तेव्हा आत सामना चालू होता. एका हल्लेखोराला दारावरच्या तपासणीत आत सोडलं नव्हतं. सामना थांबवला नाही, प्रेक्षकांना आतच ठेवलं. तो निर्णय एका माणसाने घेऊन भागत नाही. ध्वनिवर्धकावर कोण बोलणार, काय बोलणार, हे आधी ठरलेलं लागतं. आपल्याकडे माईक ज्याच्या हातात असेल तो बोलतो.

पडद्यामागे

मी नाट्यगृहात तांत्रिक काम करतो. तुम्ही सगळे "दारं बंद करायची" असं सहज लिहिताय, पण कधी करून पाहिलंय का?

सार्वजनिक सभागृहाच्या बाहेर पडायच्या दारांना आतून ढकलायची आडवी दांडी असते. आगीच्या नियमांमुळे ती दारं आतून नेहमी उघडायलाच हवीत, साखळी लावणं बेकायदा. म्हणजे बाहेरचा आत येऊ नये आणि आतला अडकू नये, दोन्ही एकाच दाराने साधायचं. बऱ्याच जागी मुख्य दर्शनी भाग काचेचा असतो, तिथे कुलूप कशाला उपयोगी? मग आतली एखादी खोली निवडावी लागते, मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांना तिथे कोण नेणार हे ठरवावं लागतं. किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो संध्याकाळी घरी जातो. आमच्याकडे आम्ही हे रिकाम्या सभागृहात चालून पाहिलं तेव्हा एका बाजूचं दार बाहेरून कोणीही उघडू शकतो हे कळलं. वर्षानुवर्षं तिथूनच सामान आणत होतो.

कायदा आला नसता तर आमच्या व्यवस्थापनाने ती संध्याकाळ दिली नसती. माझ्यापुरतं एवढं पुरेसं आहे.

माजी खजिनदार

पडद्यामागे यांचा मुद्दा ठोस आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. हे काम जाणकाराचं आहे, आणि जाणकार पैसे घेतो. सरकारचा अंदाज खालच्या गटाला वर्षाला सरासरी ३३० पौंडांच्या आसपास आहे, त्यातला बराचसा माणसांच्या वेळेचा. आमच्या पेटीत आत्ताच एका सल्लागार कंपनीचं पत्र आलंय, "कायदा लागू होण्याआधी प्रमाणपत्र घ्या" म्हणून. रक्कम याच्या कित्येक पट.

आणि २ ऑक्टोबर २०२५ ला मँचेस्टरच्याच हीटन पार्क सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला, त्याचं उदाहरण आमच्या बैठकीत देतात. आतल्या लोकांनी दारं धरून ठेवली म्हणून हल्लेखोर आत शिरला नाही, हे खरं. दोन जण गेले, त्यातल्या एकाला दारामागे असताना पोलिसांची गोळी लागली. तिथली दक्षता अनेक वर्षांच्या सरावाची होती आणि ज्यू संस्थांच्या सुरक्षेला सरकार अनुदान देतं. तसं अनुदान गावातल्या सभागृहांना द्या, मग माझी तक्रार नाही.

लेस्टरकर

ते पत्र फेकून द्या काका. असं कुठलंही प्रमाणपत्र कायद्यात नाही आणि सल्लागार नेमायची गरज नाही, हे गृह खात्याने स्पष्ट केलंय. प्रोटेक्टयूके या संकेतस्थळावर मार्गदर्शन आणि ऑनलाइन प्रशिक्षण फुकट आहे. अनुदानाची मागणी मात्र रास्त आहे, त्यावर सही करायला मी तयार आहे.

नीरजा

एक राहिलंच. त्या चार पद्धतींत प्रथमोपचार नाही. आयोगाच्या दुसऱ्या खंडात आहे की अग्निशमन दल घटनास्थळी पोचायला दोन तासांहून जास्त लागले आणि सुरुवातीच्या निर्णायक वेळात सिटी रूममध्ये फक्त तीन पॅरामेडिक गेले. वेळेवर उपचार मिळते तर एक जण बहुधा वाचला असता. रक्तस्राव थांबवायचा पट्टा कसा बांधायचा हे शिकायला नोंदणी लागत नाही. मंडळाने काही करायचंच असेल तर मी त्याच्या बाजूने मत देईन, बाकी कायद्याला अजून नाही.

माजी खजिनदार

प्रथमोपचाराला माझाही पाठिंबा, खर्च मंडळातून करू. नोंदणीच्या फॉर्मवर जबाबदार व्यक्ती म्हणून कोणाचं नाव जाणार, ते मात्र बैठकीत आधी ठरवा. माझं घालू नका.