'पीस कोअर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'पीस कोअर' आहे, म्हणजे परदेशात मदतीला माणसं पाठवणारी अमेरिकी सरकारी संस्था. तिच्यासाठी 'शांतिसेना' लिहिलं तर चालेल का? आणि तिथल्या 'व्हॉलंटियर'ला 'स्वयंसेवक'?

उत्तर: ताई, 'शांतिसेना' नका लिहू. तो शब्द आपल्याकडे आधीच दोनदा वापरून झालाय. विनोबांनी १९५७मध्ये उभी केली ती शांतिसेना, आणि १९८७मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय फौजेलाही आपण शांतिसेनाच म्हणत होतो. वाचक हमखास गोंधळेल.

'कोअर'चं मूळ लॅटिन 'कॉर्पस', म्हणजे शरीर. (उच्चार 'कॉर्प्स' नव्हे; शेवटची दोन्ही व्यंजनं मुकी.) एनसीसीतल्या 'कोअर'चं आपण 'राष्ट्रीय छात्र सेना' केलं, म्हणून इथेही 'सेना' चटकन सुचतं. पण केनेडींनी १ मार्च १९६१च्या आदेशानं जे सुरू केलं, त्यात बंदूक नव्हतीच. ऑगस्टअखेर घानात अक्राला उतरलेली पहिली तुकडी शिक्षकांची होती, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी तिथल्या त्वी भाषेत गाणं म्हटलं. परक्या गावी जाण्याआधी तिथली भाषा शिकायची, हा या कामाचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. 'सेना' म्हटलं की नेमका तोच हरवतो.

दुसरं मत: 'दल' का नको? राष्ट्र सेवा दलामुळे तो शब्द आपल्या अंगवळणी पडलाय. 'शांतिसेवा दल' करा.

उत्तर: उत्तम! माझंही मत त्यालाच.

'स्वयंसेवक' मात्र राहू द्या, फक्त एकदा खुलासा करा. आपला स्वयंसेवक म्हणजे छातीला बिल्ला लावून संमेलनात दोन दिवस राबणारा. इथे मुदत साधारण दोन वर्षांची, पगार नाही, निर्वाहापुरता भत्ता, आणि राहायचं त्याच लोकांत. लिलियन कार्टर, जिमी कार्टर यांच्या आई, १९६६मध्ये वयाच्या ६८व्या वर्षी नर्स म्हणून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. मुलगा राष्ट्राध्यक्ष व्हायला तेव्हा दहा वर्षं होती. त्यांना 'स्वयंसेविका' म्हणताना शब्द कुठेच तोकडा पडत नाही.

प्रश्नकर्ती: आणि 'कार्यकर्ता'?

उत्तर: नको. कार्यकर्ता आपल्याच गावचा, चळवळीतला किंवा पक्षाचा. ही माणसं पाहुणी म्हणून आली होती. पंजाबात कोंबडीपालन शिकवणारे काय, विक्रोळीच्या लिलियनबाई काय, मुदत संपली की परतणारच होती. भारतातलं हे काम १९७६मध्ये थांबलं, तेव्हा लेखात भूतकाळच वापरा.