मदत हवी आहे : प्लेटिंगच्या गाळातून निकेल कसं काढायचं?

कडक_चहा : भोसरीत छोटं प्लेटिंग शेड आहे. ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) गाळ साठून अकरा ड्रम झालेत. भंगारवाला कवडीमोल भावाने मागतोय आणि पुढे निकेल काढून विकतो म्हणे. मग आपणच का काढू नये? सल्फ्युरिक शेडमध्ये आहेच. किती टाकायचं, किती वेळ ढवळायचं, एवढंच सांगा. कायदे नकोत, घाई आहे.

बॅकबेंचर : जुन्या मोबाईलमधलं सोनंही असंच निघतं ना? गोणीभर पडलेत घरी.

ओली_भिंत : नुसतं निकेल की वर क्रोमही? गाळ चुन्याने बसवता की कॉस्टिक सोड्याने? ओला आहे की वाळवलेला?

कडक_चहा : निकेल-क्रोम. चुना. ओला. प्रमाण सांगा ना राव.

भट्टीकाका : चुना, तिथेच घोळ. सल्फेटच्या पाण्यात चुना पडला की जिप्सम होतं. ड्रमात निकेल कमी आणि जिप्समच जपून ठेवलंयत. आम्ही कायम कॉस्टिक वापरलं. गाळ थोडा, निकेल भरपूर.

आंबट_ताक : काका, कॉस्टिकचा गाळ बसता बसत नाही, फिल्टर प्रेसची कापडं बुजतात. आणि भाव बघितलात का? चुना परवडतो म्हणून लोक वापरतात.

भट्टीकाका : परवडतो ना? मग अकरा ड्रमांपाशी बसा रडत.

रसायनीताई : भांडण नंतर. त्याच शेडमध्ये झिंकची लाईन आहे का? सायनाइडची?

कडक_चहा : बॅरल लाईन आहे, सायनाइडचीच. पण मी निकेलचं विचारतोय. दोन्हीचं पाणी एकाच ईटीपीत जातं.

रसायनीताई : त्या ड्रमांत ॲसिडचा थेंबही घालू नका! सायनाइडवर ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो, ढवळणारा जागीच आडवा होईल. सायनाइडचं पाणी वेगळं घ्यायचं, पीएच १० च्या वर ठेवून हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) मोडायचं आणि मगच बाकीच्यात सोडायचं. आधीच निकेलमध्ये मिसळलं तर दोघांची अशी गट्टी जमते की हायपोलाही दाद देत नाही. हायपो कुठे घालता?

कडक_चहा : शेवटच्या टाकीत. थोडं. वास आला तर.

आंबट_ताक : 🙏

हुपरीकर : आमच्याकडे चांदीचं काम. सोनाराचा केर झारेकरी घेऊन जातो, धुऊन माल काढतो. तसाच हाही विकून टाका, डोक्याला ताप नको.

आंबट_ताक : केर वेगळा, हा घातक कचरा वेगळा. २०१६ चे नियम आहेत. ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही. द्यायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच, फॉर्म १० (कचरा नेल्याची नोंद) भरून. भंगारवाल्याने उरलेलं ओढ्यात ओतलं की बोट तुमच्याकडेच.

झाडवेल : निकेलच्या टाकीत बोरिक ॲसिड असतं ना? कणकेत कालवून गोळ्या ठेवा, झुरळं जातात. अनुभव आहे.

ओली_भिंत : ड्रमांचा नाद सोडा, निकेल गाळात जाऊच देऊ नका. प्लेटिंगनंतरचं पहिलं धुणं वाहत्या नाही, वेगळ्या टाकीत साठवलेल्या पाण्यात घ्या. प्लेटिंगची टाकी ५५-६० अंशांवर चालते, रोज पाणी उडतं. तूट भरायला तेच पाणी वापरा. घाणही परत येते, म्हणून कार्बन फिल्टर हवा. आमचा निकेल सल्फेटचा खप निम्म्यावर आला.

भट्टीकाका : हे मात्र बरोबर. क्रोमच्या पाण्याचा मात्र थेंब येऊ देऊ नका, निकेलची टाकी बसेल.

कडक_चहा : बरं. ड्रमांना नंबर टाकले, प्रत्येकातला नमुना लॅबला देतोय. पण आणखी दोन ड्रम होते, गेल्या आठवड्यात भंगारवाल्याने नेले. तोही ॲसिडच घालतो म्हणाला होता. फोन लावतोय, उचलत नाही.

रसायनीताई : फोन ठेवा. गाडी काढा आणि जाऊन सांगा. आत्ता.