एएमटीचा क्लच नवा टाकला, तरी पहिल्या गिअरला झटका

प्रश्न:
माझी एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) हॅचबॅक ६८ हजार किलोमीटर चाललीये. गेल्या महिन्यात खंबाटकी घाट चढताना जळका वास आला. इंजिनचे फेरे (आरपीएम) वाढायचे, पण गाडी ओढायची नाही. साताऱ्यात ओळखीच्या गॅरेजमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला. आता ओढते छान, पण सुटताना मान हलेल असा झटका देते. आईला मणक्याचा त्रास आहे, तिला बसवायची भीती वाटते. गिअरबॉक्स परत उतरवायचा का?

उत्तर:
थांबा दादा, इतक्यात उतरवू नका. स्कॅनर लावून क्लच लर्निंग केलं का, ते आधी विचारा. एएमटीतला क्लच साध्या गाडीसारखाच असतो, फक्त पायाचं काम ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते. जुनी झिजलेली प्लेट कुठे पकडते ते गाडीच्या कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेलं असतं. नवी प्लेट जाड, तिची पकड वेगळ्या ठिकाणी. हे त्याला स्कॅनरने शिकवावं लागतं, तेच क्लच लर्निंग.

दुसरं उत्तर:
फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती, पाहिलं होतं का? तापून निळे डाग पडले असतील तर नवी प्लेटही थरथरते.

प्रश्नकर्ता:
फ्लायव्हील ठीक होतं, फोटो आहे माझ्याकडे. लर्निंग मात्र केलंच नव्हतं! दुसरीकडे करून घेतलं. काल आईला घेऊन मेढ्याला जाऊन आलो, झटका नाही. मनापासून आभार.

उत्तर:
फार बरं वाटलं. आता चढावर थांबलात की ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा. प्लेट त्यानेच जळते.