अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो की बंद पडतो?

तासगाव_कोल्ड
नमस्कार मंडळी. तासगाव रोडला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर आहे. आमच्या अमोनिया प्लँटला नवीन गॅस डिटेक्टर बसवलाय. शेजारी इंग्रजी पाटी आहे, 'इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द रूम'. मी म्हणतो, भोंगा वाजला की बाहेर पडायचं. रात्रपाळीचा जोडीदार म्हणतो, ऑफ म्हणजे बंद. भोंगाच बंद पडला तर गळती झालेली कळणार कशी, म्हणून बाहेर पडायचं. त्याचंही पटतं, कारण 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे लाईट गेली हे शाळेतच शिकलोय. खरं काय ते जाणकारांनी सांगा, जिवाशी गाठ आहे.

मिरजेचा_वाचक
वाजला की बाहेर. शंकाच नको.

सातारचे_मास्तर
दादा, तुमचं बरोबर आहे, पण जोडीदाराला वेड्यात काढू नका. दहावीच्या वर्गात हा घोळ दरवर्षी व्हायचा. मी मुलांना एवढंच विचारायचो, ती वस्तू आधी काय करत होती? दिवा, पंखा, हीटर चालू असतात. ते 'गो ऑफ' झाले म्हणजे बंद पडले. भोंगा, बंदूक, सुतळी बॉम्ब गप्प असतात, पण तयारीत असतात. ते 'गो ऑफ' झाले की वाजतात, सुटतात, फुटतात. 'ऑफ'चा मूळ भाव 'पासून दूर' असा आहे. वस्तू होती त्या स्थितीतून सुटली, एवढंच तो सांगतो. दूध 'गॉन ऑफ' म्हणजे नासलं, तेही यातलंच. हा प्रयोग ब्रिटिशांचा, अमेरिकेत 'गॉन बॅड' म्हणतात. एखाद्याचं चहावरून मन उडालं तरी ब्रिटिश माणूस 'गॉन ऑफ टी' म्हणेल. 'द फंक्शन वेंट ऑफ वेल', म्हणजे कार्यक्रम नीट पार पडला, हे मात्र या युक्तीत बसवायला गेलं तर ओढाताण होते. ते तसंच पाठ करावं.

परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जड जातात ती असली जोडक्रियापदं, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. पाटीवर 'साउंड्स' लिहिलं असतं तर वाद उरलाच नसता. धोक्याच्या पाटीवर दोन अर्थांचा शब्द असूच नये, याबाबतीत मी हट्टी आहे.

विट्याची_ताई
मास्तर, आपलं 'लागणे' तरी काय कमी आहे? भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दूध तळाला लागतं. आमच्या शेजारी तमिळ कुटुंब आहे. वाऱ्यानं दार आपटलं तेव्हा मी 'दार लागलं' म्हटलं, तर त्या वहिनी हळद घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, मला दार लागलं.

तासगाव_कोल्ड
मास्तर, मनापासून आभार. जोडीदाराला वाचून दाखवलं, पटलं त्याला. पण भोंगा मुका पडला तर काय, हा त्याचा प्रश्न उरतोच. म्हणून मालकांशी बोललो. आता दर पाळीच्या सुरुवातीला टेस्टचं बटण दाबून बघायचं आणि वहीत सही करायची. पाटीखाली लाल ऑइलपेंटनं लिहिलंय, 'भोंगा वाजला की तडक बाहेर. टेस्टला वाजला नाही तर आत जाऊ नका, ऑपरेटरला सांगा.' आमच्यातले बरेच हमाल कानडी बोलणारे आहेत, त्यामुळे तेच कन्नडमध्येही लिहून घेतोय.