मदत हवी आहे: रुबीत व्हेरिएबल की मेथड?

मंडळी, रुबी या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका ओळीवर कालपासून अडकलोय. क्लासमध्ये ‘एकूण’ नावाचा अ‍ॅक्सेसर (किंमत वाचायची-भरायची मेथड) आहे, त्यात 500 भरलेत. मेथडमध्ये ‘एकूण = 0’ लिहून त्याच ओळीच्या शेवटी इफ लावला, एकूण निल (म्हणजे किंमतच नाही) असेल तरच. तरी दर वेळी 0च मिळतो!

बराच वेळ शोधल्यावर कळलं: पार्सरला (रुबीचा कोड वाचून अर्थ लावणारा भाग) ‘एकूण =’ दिसलं की तिथून पुढे ते नाव लोकल व्हेरिएबल, म्हणजे फक्त त्या मेथडपुरतं, मग ती असाइनमेंट प्रत्यक्ष चालो न चालो. म्हणजे इफमधलं ‘एकूण’ मेथड राहिलंच नाही, निल झालं. डावीकडे सेल्फ (म्हणजे ‘याच ऑब्जेक्टचं’) लावल्यावर नीट चाललं.

पण जुन्या, मोठ्या कोडमध्ये अशा जागा हुडकायच्या कशा? वॉर्निंग चालू ठेवूनही ही ओळ सुटते, कारण व्हेरिएबल वापरलेलं दिसतं. तुम्ही काय करता?