अनुभव धागा: चेंबरचा नट सुटता सुटेना

घरी ऑइल बदलणं सोपं आहे असं जो तो सांगतो. आहेच सोपं, चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, नट सुटला तर. तो काढला की जुनं ऑइल खाली येतं. फिल्टर आणलाय, नवं ऑइल आणलंय, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवलीय आणि १७ नंबरचा पाना कितीही रेटला तरी नट ढिम्म. त्यात रविवार, म्हणजे कोपऱ्यावरचं गॅरेज बंद. यातून तुम्ही कसे सुटलात ते इथे लिहा. सर्व्हिस सेंटरच्या नावाने शिमगा नको. नट का अडकला होता आणि कसा निघाला, तेवढं सांगा.

एक विनंती. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरून जोर लावल्याचे पराक्रम कुणी लिहू नयेत. अडकलेल्या नटाला हिसका दिला की गाडीही हलते.

पानेवाला नाशिककर

सातपूरला गॅरेजमध्ये बरीच वर्षं हात काळे केलेत, म्हणून मीच नारळ फोडतो. माझ्याकडे आलेले असे नट गंजाने क्वचितच अडकलेले असत. आधीच्या हाताने मरेस्तोवर आवळलेले असत. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना हा नट ३० ते ४० न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा असतो. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साधारण दहा-तेरा किलोचा जोर, बस. घाईतल्या पोराने इम्पॅक्ट गन (नट आवळायचं मशीन) लावली की त्याच्या कितीतरी पट जोर बसतो. वर चेपलेलं जुनंच वायसर, म्हणजे नटाखालची धातूची चकती, परत घातलेलं. मग थेंब गळतो, मग आणखी आवळा. दर सर्व्हिसला हेच.

काढायची माझी पद्धत अशी. फिक्स पाना लावूच नका, तो कोपरे खातो. सहा कोनांची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, घ्या. बारा कोनांची नको, कारण ती नटाला फक्त कोपऱ्यांपाशी धरते. नटाचं डोकं चिंधीने पुसा, बाजूची माती खिळ्याने खरवडा, गोटी बुडापर्यंत बसली पाहिजे. मग लांब टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा. एक हात गोटीवर दाबलेला, म्हणजे ती तिरकी होणार नाही, आणि दुसऱ्या हाताने टॉमीच्या टोकाला रबरी हातोडीचा टोला. सावकाश रेटत बसण्यापेक्षा टोले बरे. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की समजा सुटला, पुढे बोटांनी फिरतो. पाइप अडकवून दांडा लांब करायचा तर गोटी नीट बसल्याची खात्री झाल्यावरच.

इंजिन आधी पाचेक मिनिटं चालवून घ्या. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर तापल्यावर ते लोखंडी नटाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड थोडी सैलावते. हात पोळेल इतकं तापवू नका म्हणजे झालं.

धागाकर्ता

नाशिककर, आणि आधी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला तर?

पानेवाला नाशिककर

मारा, मनाचं समाधान होतं. आट्यांना आतून ऑइल लागलेलंच असतं हो. पकड असते ती डोक्याच्या खालच्या तोंडाला आणि वायसरला.

रत्नागिरीची खारी हवा

इथे मी हात वर करते. घाटावरच्या गाड्यांचं असेल तसं. आमच्याकडे गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, चेंबर पत्र्याचं असतं, आणि नटाचं डोकं न् पत्रा गंजून एकजीव होतात. म्हणजे तुम्ही म्हणता त्या तोंडालाच, पण बाहेरून. तिथे स्प्रे मारून रात्रभर ठेवल्याचा फायदा मी स्वतः पाहिलाय. आधी तारेच्या ब्रशने घासायचं मात्र हवं, नाहीतर गंजाच्या पापुद्र्यावरून नुसता ओघळतो.

आमच्या जुन्या गाडीच्या नटाचे कोपरे कुणीतरी आधीच गोल करून ठेवले होते. १७ ची गोटी गरागरा फिरायची. मिस्त्रींनी १६ ची जुनी गोटी घेतली, नटावर ठेवली आणि हातोड्याने ठोकून बसवली. ती कोपऱ्यांत रुतली आणि नट आला. पुढे ती गोटी नटातून बाहेर काढायला जास्त वेळ लागला, ते सोडा. हे नाही जमलं तर छिन्नी डोक्याच्या कडेला तिरकी लावून सुटायच्या दिशेने ठोकायची, असा त्यांचा बेत होता. गॅस वेल्डिंगवाल्याला बोलवायचं का, असं मी विचारलं तर म्हणाले, वहिनी, आत ऑइल भरलंय, गाडी जाळायचीय का?

कोथरूडचा मामा

आमच्याकडे नट अडकलेलाच नव्हता. भाचा गाडीखाली उताणा पडून तो इमानेइतबारे आवळत होता. बॉनेटवरून वाकून पाहिलं की उजवं-डावं उलटं होतं, आणि पडल्या पडल्या डोकं चालत नाही. नियम एकच: नटाच्या डोक्याकडे तोंड करून बघायचं, घड्याळाच्या उलट फिरवायचं. काही गाड्यांत नट खाली न बघता मागे बघतो, तिथे तर हटकून घोळ होतो. निघेना झाला की आधी दिशा तपासा, मग स्प्रे-बिप्रे.

मिशिगनचा मराठी माणूस

रत्नागिरीच्या ताईंना आमच्या बर्फाळ मुलखातून दाद. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडीची खालची बाजू त्यातच मुरते. माझ्या टोयोटा कॅमरीला १४ चा नट आहे, तो निघाला, पण चेंबरच्या पत्र्याला बोट लावलं तर पापुद्रे हातात आले. अशा वेळी नटावर ताकद काढली तर नट राहील आणि चेंबर येईल. इथला अनुभवी मेकॅनिक नटाकडे बघायच्या आधी टॉर्चने चेंबर बघतो, आणि थेट नवं चेंबर घाला म्हणतो. इथे झटपट ऑइल बदलून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. आवळण्याबाबत नाशिककरांनी जे लिहिलंय, ते तिथेही शब्दशः लागू.

वैदर्भीय

डिझेल डस्टरवाल्यांनो, षटकोनी गोटी शोधत बसू नका. तिथे नटाला डोकंच नाही, आत ८ मिलिमीटरचा चौकोनी खड्डा आहे. त्याची चौकोनी चावी मिळते. लोक त्यात अॅलन की (षटकोनी चावी) कोंबतात आणि खड्डा गोल करून ठेवतात. मग बसा बोंबलत.

आळशी पण समाधानी

तुम्ही सगळे नटाच्या मागे का लागलात ते मला कळत नाही. डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मापायच्या पट्टीच्या, नळीतून बारीक पाइप सोडायचा आणि हातपंपाच्या डब्यात ऑइल ओढून घ्यायचं. इंजिन कोमट हवं, एवढीच अट. नट जन्मभर अडकून राहू दे. गाडीखाली जायचं नाही, अंगणात डाग नाही. बऱ्याच जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपमध्येही ऑइल असंच ओढतात.

पानेवाला नाशिककर

ओढा की. पण काही गाड्यांत पाइप तळापर्यंत पोचत नाही आणि काळा गाळ खालीच राहतो. निघालेलं ऑइल मापून बघा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळायला हवं. अडीनडीला युक्ती चांगली आहे, हे कबूल. नट कापायचा किंवा वेल्डिंगने काढायचा असेल तर चेंबर खोलण्याआधी ऑइल असंच उपसून घ्यावं.

उद्यमनगरी

नट निघाला, पण त्याच्यासोबत आट्यांची चकचकीत तारही निघाली, अशांसाठी लिहितो. माझ्या चुलत्यांची गाडी, अॅल्युमिनियमचं चेंबर. गॅरेजवाल्याने नवीन चेंबरचा भाव सांगितला तो ऐकून काका गप्पच झाले. चेंबर उतरवून आम्ही ते कोल्हापुरात उद्यमनगरात नेलं. तिथल्या टर्नरने भोक थोडं मोठं करून आतून नवे आटे पाडले आणि त्यात स्टीलच्या तारेचं वेटोळं बसवलं, ज्याला हेलिकॉइल म्हणतात. नट जुन्याच मापाचा, १४ बाय १.५, म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. आता ते आटे मूळच्यापेक्षा टणक आहेत. चेंबर न उतरवता गाडीखालूनही हे करतात, पण अॅल्युमिनियमचा कीस आत पडतो. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस माखलं तरी थोडा जातोच, तो थोडं ऑइल ओतून धुवून काढावा लागतो.

एक मापाने मोठा नट हाणून आटे पाडतात, तो मार्ग मला पटत नाही. एकदा चालतो. पुढच्या वेळी आहेच पुन्हा हा धागा.

धागाकर्ता

वायसरबद्दल कुणी नीट सांगेल का? तांब्याचं, अॅल्युमिनियमचं, की कोणतंही चालतं?

पानेवाला नाशिककर

ज्या गाडीला जे येतं तेच. होंडाला अॅल्युमिनियमचं येतं, काहींना तांब्याचं, तर काही फोक्सवॅगनला ते नटालाच अडकवलेलं असतं, तिथे नटच नवा घालायचा. अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू ती, म्हणून नेमकी तीच कुणी आणत नाही. फिल्टर घेताना त्याच दुकानात मागा. आणि जुनं वायसर चेंबरला चिकटून राहिलेलं असतं, ते नखाने काढून बघा. एकावर एक दोन बसली की नक्की गळणार.